रविवारी आदेश नव्हता

पाच माणसांनी एका जागी उभं राहायचं नाही असा सरकारी आदेश सिल्वासात लागू होता, तेव्हाचं हे आहे. नव्वद साल मागे पडलं होतं. याहून नेमकी तारीख मी लिहीत नाही, माणसांची नावंही लिहीत नाही. ज्यांची लिहायला हवीत ते आता पेन्शन घेत घरी बसले असतील, आणि ज्यांची लिहिली तर त्रास होईल त्यांची मुलं अजून तिथल्याच कारखान्यांत आहेत.

मी मूळचा धुळे जिल्ह्यातला. आयटीआय करून वायरमन झालो आणि खडोलीला एका धाग्याच्या कारखान्यात लागलो. पॉलिस्टरचा धागा हीटरवरून ओढून त्याला पीळ द्यायच्या लांबच लांब मशिनी तिथे होत्या. मशिनीवरचे कामगार बरेचसे आमच्या खानदेशातले, थोडे उत्तरेकडचे. वर मुंबई-पुण्याचे इंजिनियर. पाळी बारा तासांची.

त्या वर्षी दोन-तीन कारखान्यांतल्या कामगारांनी आठ तासांच्या पाळीसाठी गेटवर सभा घेतल्या. एका सभेत कुणीतरी दगड मारला, कुणाच्या तरी गाडीची काच फुटली. दगड मारणारा सापडला नाही, पण तिसऱ्या दिवशी एकशे चव्वेचाळीस कलम लागलं. गेटच्या भिंतीवर कागद चिकटला. पाच किंवा जास्त माणसांनी जमायचं नाही, घोषणा द्यायच्या नाहीत, काठ्या बाळगायच्या नाहीत. लग्न, अंत्ययात्रा आणि सरकारी कार्यक्रम यांना सूट. मुदत दोन महिने. दोन महिने संपले की त्याच मजकुराचा नवा कागद. असा आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त चालवता येत नाही असं कायद्यातच आहे, हे मला पुढे कळलं. म्हणून ते तो चालवत नव्हते, दर दोन महिन्यांनी नवा काढत होते. चौथ्या कागदानंतर आम्ही वाचणंही सोडलं.

सुरुवातीला आम्हाला त्याचं हसू यायचं. चहाच्या टपरीवर पाचवा आला की सगळे ओरडायचे, "चौघं झाले! तू पलीकडे!" टपरीवाला त्याचा ग्लास नेऊन रस्त्यापलीकडच्या दगडावर ठेवायचा आणि तो बिचारा तिथे एकटा उभा राहून चहा प्यायचा. आम्ही पोट धरून हसायचो. हसता हसता आम्ही तो आदेश पाळायला शिकलो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

माझ्या शेजारच्या खोलीत माझा मित्र राहायचा. डोकमर्डीला एका चाळीत आमच्या खोल्या लागून होत्या. तो शिरपूरकडचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, कारखान्यात सात नंबरच्या मशिनीवर. धागा नीट तापला की नाही हे तो खालच्या ओठावरून धागा ओढून सांगायचा. मीटर काय दाखवतोय ते आम्ही नंतर बघायचो. त्याची बायको, माझी वहिनी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करायची आणि एक माझ्या डब्यात टाकायची. मी एकटा होतो. दोन वर्षं मी त्या घरचंच अन्न खाल्लं.

त्याच्या मशिनीच्या पॅनेलची अर्थिंगची पट्टी तुटली होती. मशिनीला हात लावला की झिणझिण्या यायच्या. मी टेस्टर लावून पाहिलं, सरळ बॉडीला करंट. रजिस्टरमध्ये लिहिलं आणि मशिनीवर पाटी टांगली: "दुरुस्ती बाकी, चालवू नये." अर्ध्या तासाने मॅनेजर साहेब आले. आपलेच, मराठी बोलणारे.

"ही पाटी कुणी लावली?"

"मी, साहेब. बॉडीला करंट उतरतोय."

"सोमवारी कर तुझं अर्थिंग. हा माल उद्या संध्याकाळी जायचाय."

"साहेब, माणूस मरेल."

"अरे, खाली लाकडी पाट टाक उभं राहायला. आमच्या वेळी आम्ही असंच करायचो."

त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी काढली आणि बगलेत मारून नेली. आणि पाट कुणी टाकला? मी टाकला. दोन फळ्या ठोकून माझ्या हाताने केला आणि मशिनीसमोर ठेवला. मित्राला म्हणालो, "यावरून उतरू नकोस हं." हे लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही.

हे शुक्रवारचं. शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला मशिनीच्या टोकाला धागा तुटला. तुटलेलं टोक पकडायला तो सवयीने पाटावरून उतरला. अंगावरचा बनियन घामाने भिजलेला होता. मी पलीकडच्या पॅनेलवर होतो. कुणीतरी ओरडलं. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला, पण तोवर तो मशिनीला चिकटूनच होता. स्विच पडल्यावर खाली पडला. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी हात लावला आणि फक्त मान हलवली.

वहिनीला सांगायला मीच गेलो. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "काय व्हयनं, भाऊ?" तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले, आणि मग ओरडली.

त्याच्या गावी फोन गेला. धाकटा भाऊ मिळेल त्या गाडीने निघाला आणि रविवारी सकाळी पोहोचला. तोवर पोस्टमॉर्टेम होऊन देह ताब्यात मिळाला होता. दिवस चैत्रातले, गाव फार लांब. भावाने आणि वहिनीने ठरवलं की इथेच अग्नी द्यायचा. चाळीसमोर पन्नास-साठ माणसं जमली, सगळी कारखान्यातली. रविवारची सुट्टी असलेले होतेच, पाळी सोडून आलेलेही होते. बांबू आणले, तिरडी बांधली. मडक्यात विस्तव घातला.

खरं सांगायचं तर आमच्यातले काही जण म्हणत होते, आधी कारखान्याच्या गेटवर नेऊ, मालकाला दाखवू. मीही म्हणत होतो. वहिनी आतून म्हणाली, "त्यांना परत त्या गेटवर नेऊ नका." आवाज मोठा नव्हता, पण विषय तिथे संपला. सरळ नदीवरच्या स्मशानात जायचं ठरलं.

पण आम्ही निघायच्या आधीच कुणीतरी पोलिसांना फोन केला होता. कुणी, ते सांगायची गरज नाही. तिरडी उचलून आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो तर तिथे जीप आडवी लावलेली. सात पोलीस आणि जीपला टेकून उभे असलेले एक साहेब. साहेब हिंदी बोलायचे. त्यांनी तिरडीकडे पाहिलंच नाही, तिच्यामागच्या माणसांकडे पाहिलं.

"कितने आदमी हैं?"

मी पुढे होतो. म्हणालो, "साहेब, मयत आहे."

"वो दिख रहा है. आदमी कितने हैं?"

"अंत्ययात्रेला सूट आहे साहेब. कागदावर लिहिलंय."

"ये अंत्ययात्रा नहीं है. ये जुलूस है."

मागून कुणीतरी म्हणालं, "पुढे प्रेत आहे, दिसत नाही का?" साहेब शांतपणे म्हणाले, "अंत्ययात्रा कौन सी और जुलूस कौन सा, ये मैं तय करूंगा. चार आदमी जाएंगे. बाकी सब वापस."

त्यांच्यासोबतचा हवालदार तिथलाच होता, गुजराती-मराठी मिसळून बोलायचा. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, ऐकून घे. नाहीतर लाठी चालेल आणि मयत रस्त्यावर पडेल. ते बघवणार नाही."

मी हिशेब सांगायचा प्रयत्न केला. तिरडीला चार खांदे लागतात. मडकं धरणारा पाचवा. पाचाशिवाय माणूस जळायला जातच नाही. असं माझ्या तोंडून हात जोडल्या जोडल्या निघालं. हात जोडले होते हे आठवलं की आजही माझे कान तापतात. साहेबांनी बोटं दाखवली. चार.

आणि आम्ही ऐकलं. साठ माणसं मागे सरली. कुणी शिवी दिली, कुणी रडलं, एकजण भिंतीवर डोकं आपटत होता, पण सगळे मागे सरले. वहिनी दारात उभी राहून हे बघत होती.

आम्ही चौघं निघालो. पुढे डावीकडे धाकटा भाऊ, उजवीकडे मी, मागे आमच्याच खात्यातले दोघं. मडकं धरायला कुणी उरलं नव्हतं. म्हणून भावाने उजव्या खांद्यावर तिरडी घेतली आणि डाव्या हातात दोरीने बांधलेलं मडकं. सगळ्यांना माहीत आहे की अशा वेळी माणसं पावला-पावलावर खांदा बदलतात, एकाने सोडला की दुसरा येतो. आम्हाला बदली नव्हती. जीप पहिल्या गिअरमध्ये आमच्या मागे चालली होती, कुणी येऊन मिळू नये म्हणून. निम्म्या वाटेवर विसाव्याला तिरडी खाली ठेवायची असते. आम्ही थांबलो तर मागून हॉर्न वाजला.

मडकं तापलं होतं. दोरी आखूड होती, चालताना ते भावाच्या मांडीला आणि मनगटाला लागत होतं. मला त्याच्या तोंडाचा फक्त एक भाग दिसत होता आणि त्यावरून घाम गळत होता. मी म्हणालो, "ठेव जरा." तो म्हणाला, "भाऊचं आहे."

बाजाराच्या वळणावर सुरंगी गावाकडून आलेला एक म्हातारा आदिवासी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उभा होता. तिरडी पाहून त्याने मोळी खाली टाकली आणि खांदा द्यायला पुढे आला. आम्हाला ओळखतही नव्हता. आम्ही चारच आहोत, थकलोय, एवढं त्याला दिसलं. जीपमधून एका शिपायाने उडी मारली आणि त्याचा दंड धरला. "गिनती हो गई, बाबा. पीछे." म्हाताऱ्याला काय गिनती ते कळलं नाही. तो शिपायाच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने मोळी परत डोक्यावर घेतली आणि रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालायला लागला, आमच्या बरोबरीने. शिपाई ओरडला, "कहां जा रहा है?" तो म्हणाला, "लाकडं विकायला." जंगलातलं लाकूड तोडायची त्याला बंदी होती, विकायचीही बंदी होती, आणि हे तो पोलिसाला सांगत होता. शिपायाला काय करावं सुचलं नाही. म्हातारा नदीपर्यंत आला. सरणाशेजारी मोळी उतरवली, तिची दोरी सोडवून कमरेला गुंडाळली आणि निघून गेला.

अग्नी भावाने दिला. त्याच्या डाव्या मनगटावरची कातडी सोलून आली होती.

सोमवारी मी कामावर गेलो नाही. मंगळवारी गेलो. पाळी बदलायची गर्दी होती म्हणून गेटपाशी थांबावं लागलं आणि समोर भिंत होती. भिंतीवर नवा कागद चिकटवलेला. घाईत लावला असावा, जुन्यावर पूर्ण बसला नव्हता, जुन्याचा खालचा भाग उघडाच होता. किती महिन्यांनी मी तो वाचत होतो. जुन्या आदेशाची मुदत संपण्याची तारीख शनिवारची होती. नवा आदेश सोमवारच्या तारखेने निघाला होता, त्या दिवसापासून लागू.

मी बोटाने तारखा पुन्हा मोजल्या. मागच्या माणसाने ढकललं, "चल ना भाऊ." मी हललो नाही. शनिवारी आदेश संपला. रविवारी कचेरीला सुट्टी. नवा काढायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही, सोमवारी आठवण झाली तेव्हा काढला. म्हणजे रविवारी आदेशच नव्हता. अंत्ययात्रा की मोर्चा, हा प्रश्नच नव्हता. त्या दिवशी सिल्वासात पाच काय, पाच हजार माणसं एकत्र चालली असती तरी कुठल्या कागदाविरुद्ध झालं नसतं.

मी दोन्ही कागद भिंतीवरून सोलून काढले. जुना थोडा फाटला. गेटवरचा वॉचमन बघत होता.

बुधवारी अर्धा दिवस रजा टाकून, जिथून हे आदेश निघायचे त्या सरकारी कचेरीत गेलो. मराठीत अर्ज लिहून नेला होता. कारकुनाने वाचला, दोन वेळा वाचला, आणि मला थेट साहेबांसमोर नेऊन उभं केलं. ते तेच होते, रविवारी जीपला टेकून उभे असलेले. मला त्यांनी ओळखलं की नाही, माहीत नाही. मी कागद टेबलावर ठेवले आणि विचारलं, "साहेब, रविवारी कुठला आदेश होता?"

त्यांनी फाइल मागवली. तारखा पाहिल्या. पुन्हा पाहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं की हे त्यांनाही आत्ताच कळतंय. मला वाटलं, आता हा माणूस निदान खाली बघेल. त्यांनी फाइल मिटली.

"मान लो, नहीं था. फिर?"

"मग आम्हाला कशाच्या जोरावर अडवलंत?"

"तुम लोग रुके ना?"

"थांबलो."

"आदेश होता तब भी रुकते. नहीं था, तब भी रुके. फर्क क्या पड़ा?"

ते रागाने बोलले नाहीत. एखाद्याला बसचं वेळापत्रक समजावून सांगावं तसं बोलले. मी बाहेर आलो आणि जिन्यावर बसलो. इतके महिने मला वाटायचं, कायदा त्यांच्या बाजूने आहे म्हणून आमचं काही चालत नाही. कायदा आमच्या बाजूने असतानाही आमचं काही चालत नाही, हे त्या जिन्यावर कळलं. मग तो कागद चिकटवतात तरी कशाला? डिंक तरी कशाला फुकट घालवतात?

एका वकिलाकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. कागद पाहून म्हणाला, "तुझं बरोबर आहे."

"मग खटला भरा."

"सरकारी अधिकाऱ्याने ड्युटीवर असताना जे केलं, त्यासाठी खटला भरायचा तर आधी सरकारची परवानगी घ्यावी लागते."

"कुठल्या सरकारची?"

"त्याच्याच."

"मग देतात का परवानगी?"

त्याने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "तू वायरमन आहेस ना? नोकरी पक्की आहे का तुझी?"

कारखान्यातही एव्हाना सगळं स्वच्छ झालं होतं. सात नंबरची अर्थिंग नवी बसली होती, जाडजूड पट्टी, सोमवारीच. माझ्या रजिस्टरमधलं ते पान नव्हतं. चौकशीला आलेल्या माणसाने लिहून नेलं की कामगार सुरक्षित जागा सोडून मशिनीजवळ गेला. सुरक्षित जागा म्हणजे माझा पाट. मी त्याला म्हणालो, पाटी होती, मॅनेजरनी काढली. तो म्हणाला, "कुठे आहे पाटी?" मॅनेजर साहेब शेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते दुःखाने, म्हणजे मीच त्यांना दुखावलं असावं तसं.

तेराव्याला मी मित्राच्या गावी गेलो. भावाच्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं, बोटं नीट मिटत नव्हती. वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी तिला कागदांचं सांगितलं, साहेब काय म्हणाले ते सांगितलं. ती निवडत राहिली. मग तिने विचारलं, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही लोक किती होते?"

"साठेक असू."

"आणि ते?"

"सात. साहेब धरून आठ."

"साठ माणसं," ती म्हणाली. एवढंच. तिने मला दोष दिला नाही. मोजलं फक्त. मी तिथे जेवू शकलो नाही.

परत आल्यावर मी कॅलेंडर काढलं. सोमवारी निघालेल्या आदेशाचे दोन महिने मोजले तर शेवटचा दिवस पुन्हा शनिवार येत होता. पुन्हा रविवार मोकळा. मी कारखान्यात एकेकाला गाठून सांगायला लागलो: त्या रविवारी सकाळी दहाला डोकमर्डीच्या नाक्यावर यायचं. घोषणा नाही, काठी नाही. त्याच्यासाठी दोन मिनिटं उभं राहायचं, जसं त्या दिवशी राहायला हवं होतं. आणि आदेश नाहीये, कागद माझ्याकडे आहे. बरेच जण म्हणाले, येतो.

आले अकरा. मला धरून.

आम्ही उभे राहिलो. दोन मिनिटं पुरी झाली असतील-नसतील, जीप आली. या वेळी साहेब नव्हते, तो हवालदार आणि दोन शिपाई. हवालदार खाली उतरला, आमच्याकडे पाहिलं, म्हणाला, "भाऊ, घरी जा सगळे."

मी कागद पुढे केला. "काल संपला. आज आदेश नाही."

"खबर आहे मला. उद्या येईल."

"मग?"

"तरी जा."

चौघं गेले. त्यांची घरं होती, लेकरं होती, मी त्यांना काही म्हणत नाही. सात राहिलो. हवालदाराने विचारलं, "कोणी बोलावलं?" मी म्हणालो, मी. त्याने मला जीपमध्ये बसवलं.

चौकीत भिंतीला लागून एक बाक होता. त्यावर बसवलं. सकाळचे साडेदहा वाजले होते. मी विचारलं, "मला अटक केलीय का?"

"नाही."

"मग मी जाऊ?"

"नाही."

"कुठल्या कलमाखाली बसवलंय?"

"बस ना भाऊ. बसायला कलम कशाला पाहिजे?"

त्याने मला पाणी दिलं, दुपारी स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी देऊ केली, मी घेतली नाही. दुपारी साहेब येऊन गेले. दारातून बघून म्हणाले, "वही आदमी?" आणि गेले. माझं नाव कुणी विचारलं नाही, कुठल्याच वहीत लिहिलं नाही. साडेसात तास मी त्या बाकावर होतो आणि सरकारच्या लेखी मी तिथे नव्हतोच. मला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटत होतं. निदान अंगावर काही उमटलं असतं.

सहाला सोडलं. बाहेर आलो तर रस्त्यापलीकडे ते सहा जण बसले होते. सकाळपासून. उपाशी. एकाच्या हातात केळी होती, म्हणाला, "खा आधी." आम्ही सात जण रस्त्याच्या मधून चालत घरी आलो. कुणी अडवलं नाही. मला त्याचा आनंदही झाला नाही. सकाळी अकरा होतो, दोन महिन्यांपूर्वी साठ होतो, हेच डोक्यात घुमत होतं.

आठ दिवसांत माझी नोकरी गेली. कारण सांगितलं नाही. मी सिल्वासातच एका पत्र्याच्या शेडमध्ये मोटारी रिवाइंड करायचं दुकान टाकलं, ते चाललं. वहिनी दिराच्या घरीच राहिली. दिराची दोन बोटं कायमची आखडली. आणि पुढे कधीतरी भिंतीवर नवा कागद आला नाही. आदेश उठला असं कुणी सांगितलं नाही. संपल्यावर किती तरी दिवस लोक त्याला भिऊनच होते.

वरच्या कचेरीला पाठवलेल्या माझ्या अर्जाचं उत्तर सात महिन्यांनी आलं. चार ओळी होत्या. चौकशी केली असता सदर दिवशी आदेश विधिवत अमलात होता असे आढळून आले आहे. मी तो कागद दुकानात मोठ्याने वाचला आणि एका गिऱ्हाइकासमोर इतक्या घाण शिव्या दिल्या की तो मोटार न घेताच गेला. चूक झाली म्हणाले असते तर कदाचित मी गप्प बसलो असतो. पण त्यांनी रविवारच खाऊन टाकला.

मी त्यांना रजिस्टर पत्र पाठवलं. एकच ओळ लिहिली: सदर दिवशी अमलात असलेल्या आदेशाचा क्रमांक कळवावा. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी चैत्रात पुन्हा तीच ओळ पाठवली. त्याच्या पुढच्या वर्षीही. पोस्टातला माणूस आता मला विचारत नाही, पाकीट बघूनच शिक्का मारतो. पोचपावती मात्र परत येते. तिच्यावर कुणाची तरी सही असते, दर वर्षी वेगळी.